सूचक, अनुमोदक आणि विमान

"विमान मोहन्यालाच उतरलेलं! माझे आजोबा काय खोटं बोलतील?"

अध्यक्ष असे गरजले की डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयाचे तिन्ही पंखे दचकून थांबले. वीज गेली होती, असं माझे शत्रू सांगतात.

टेबलावर जुना फोटो होता. दोन मजली पंखांचं विमान, चाकं चिखलात, भोवती आठ-दहा माणसं. त्यातले टोपीच्या सावलीत चेहरा हरवलेले गृहस्थ म्हणजे अध्यक्षांचे आजोबा. त्यांनी म्हणे मोहन्याच्या नदीकाठी ते एकट्याने ओढून काढलं. फोटो भिंतीवर लागणार होता आणि खालच्या दोन ओळी मी लिहायच्या होत्या. म्हणून मी एवढंच विचारलेलं, "स्थळ आणि तारीख कशावरून?"

आमच्याकडे सत्य ठरवायची रीत एकच: ठराव. चिटणीस उठले. "स्थळ मोहने, तारीख पंधरा ऑगस्ट. सूचक?" एक हात. "अनुमोदक?" ज्यांचा चहा यायचा राहिला होता असे दोन हात. पंधरा ऑगस्टच का? तर अनावरण त्या दिवशी! सूर्य पश्चिमेला, मुंब्र्याच्या डोंगरामागून उगवतो, हेही ही मंडळी एकमताने मंजूर करतील.

थापांच्या बाबतीत मी सोवळा नाही. खाडीत मी लोळवलेली मगर दरवर्षी हातभर वाढते. पण मगर वाढवायला कष्ट पडतात हो! यांनी नुसते हात वर केले.

फोटो पिशवीत घालून मी वर्तकनगरला बहिणीकडे गेलो. तिच्या दारावर मासे आणणाऱ्या मावशी ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या. त्यांनी विमानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"इमान काय बंगतोस रे? मांगं बंग."

मागे बांबूंवर काहीतरी लोंबत होतं. समितीच्या मते त्या स्वागताच्या पताका होत्या.

"बोंबील हान ते, वालत घातलेले. मोहन्याला नदीन बोंबील मिलतान काय? यो दर्याचा काठ."

"आणि पंधरा ऑगस्ट?"

"भर पावसान बोंबील कोन वालवतं? तुमच्या समितीन एक पन बाई नाय काय?"

पुढच्या सभेत मी हे असं काही वाजवून सांगितलं की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. अनुमोदक चपला शोधू लागले. मंजूर झालेला ठराव बोंबलांमुळे रद्द करता येतो का, हे चिटणीस नियमावलीत बघत बसले.

सगळे पांगल्यावर अध्यक्ष एकटेच त्या फोटोची काच रुमालाने पुसत होते. मला विजय चढलेला.

"काय मग अध्यक्ष, आता भिंतीवर काय टांगणार?"

"हाच."

"अहो, पण हे मोहने नाही. आजोबा तरी कशावरून तुमचे?"

त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांचा दुसरा फोटो नाही माझ्याकडे."