सेशल्स की भूतान? थिंफूला जाऊन आलो

नव्वदीतली गोष्ट. आमच्या गल्लीत नुकतीच केबल आली होती. माझे यजमान श्रीकांत गणिताचे मास्तर; वर्षभर सेशल्सच्या बेटावर एकटे राहून, शिकवून, उन्हाळ्यात उज्जैनला आले होते. सेशल्सहून पुन्हा बोलावणं होतं आणि भूतानच्या एका शाळेकडूनही. सुट्टी संपायच्या आत उत्तर द्यायचं होतं. या वेळी मला बरोबर नेणार की इथेच उज्जैनच्या माधव नगरात सासू-सासऱ्यांजवळ ठेवणार, यावर मात्र ते चकार शब्द काढत नव्हते. "पहले देख तो लें," एवढंच. म्हणून भूतान बघायला निघालो.

उज्जैनहून दिल्ली, तिथून न्यू जलपाईगुडी, पुढे बसने सरहद्द. जाणार असाल तर ओळखपत्र आणि जास्तीचे फोटो ठेवा. सरहद्दीवरच्या फुन्शोलिंगला भूतानचा परवाना काढावा लागतो. आपला रुपया चालतो. थिंफूची बस वळणं घेत चढते, पोट रिकामं असलेलं बरं. अर्धी बस ओकत होती आणि श्रीकांतांचं तुलनापुराण चालू होतं.

"तिकडे सेशल्सला रस्ते गुळगुळीत. दवाखाना फुकट."

"इथेही फुकटच आहे म्हणतात."

"तिकडे टीव्ही आहे. इथे तर टीव्हीला बंदीच आहे."

"अहो, मग आलो कशाला?"

"दरी बघ, केवढी खोल!" ते म्हणाले. माझं डोकं सणकलं. माणूस मनातलं बोलतच नसेल तर भांडायचं तरी कशाशी?

थिंफू बाकी मला पाहताक्षणी आवडलं. हवा स्वच्छ, हॉटेल स्वस्त. गरम पाणी तेवढं आधी सांगून ठेवा. चीजमधली मिरच्यांची भाजी खाऊन आम्हा माळव्यातल्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या हेडमास्तरांकडे जेवायला गेलो. त्यांच्या पत्नी भात वाढायला आल्या तसा श्रीकांतांनी ताटावर हात आडवा धरला. "बस, बस." आपल्याकडे पाहुण्याने नको म्हणायचं आणि वाढणाऱ्याने वाढायचंच, ही रीत. बाईंनी त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि भात वाढला.

"हमारे यहाँ भी पहली बार सब ना ही बोलते हैं," त्या हसून म्हणाल्या.

श्रीकांतांचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले होते.

बाहेर पडल्यावर म्हणाले, "तिकडे एकदा नको म्हटलं की भांडं उचलतात. वाईट नाहीत गं ते, माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात बस. पण कुणाकडेही जेवायला गेलो की अर्धपोटी उठायचो."

"मग हो म्हणायचं ना."

"जीभच वळत नाही."

मला त्यांची दया आली आणि तितकाच रागही आला. वर्षभर हा माणूस तिकडे मजेत आहे असंच मी धरून चालले होते.

पुढे काही वर्षांनी मी सेशल्सही पाहिलं. सुंदर देश आहे, जरूर जा, फक्त जेवताना पहिल्यांदाच हो म्हणा. कुठला देश जास्त चांगला, ते मला अजूनही सांगता येत नाही.

उज्जैनला पोहोचलो, सामानही उघडलं नव्हतं, तोच सासऱ्यांनी विचारलं, "तो क्या तय हुआ?"

"भूतान," श्रीकांत म्हणाले. "ही इथेच राहील. तिला थंडी झेपायची नाही."

"मी येते," मी म्हटलं.

"नको. क्वार्टर फार छोटं आहे."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी पुन्हा म्हटलं, "मी येते."

श्रीकांतांनी बॅगेचं कुलूप काढलं. मग म्हणाले, "तुझ्याकडे जाड स्वेटर आहे का?"