तीन बोटांचा प्रयोग

आमच्या तंबाखूविरोधी पथनाट्यात डॉक्टरचं काम शेठ करायचे. प्रवेशाची वेळ झाली की ते जरा बाजूला जात, उजव्या गालातला गुटखा बोटाने काढून टाकत, खळखळून चूळ भरत, पांढरा कोट चढवत आणि लोकांना खड्या आवाजात सांगायला येत, की बाबांनो, तंबाखू म्हणजे मरण.

आम्ही पनवेलच्या वडाळे तलावावर सकाळी फिरणारी मंडळी. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला, एक जण बँकेतून मॅनेजर म्हणून सुटलेले, आणि शेठ. शेठ इथल्याच गावचे. वडिलांची भातशेती शहराच्या पोटात गेली आणि आता शेठ त्याच शहराच्या इमारतींना रेती-खडी पुरवतात. त्यांना सगळेच शेठ म्हणतात, घरचेसुद्धा.

मॅनेजरसाहेबांना निवृत्तीनंतर समाजसेवेची लहर आली. विषयही त्यांनीच निवडला, कारण त्यांना कसलंच व्यसन नव्हतं आणि ते लोकांना कळावं अशी त्यांची फार इच्छा होती. संहिता माझ्याकडे आली. तंबाखूचा राक्षसही मीच झालो, कारण ते काम कोणी घेईना. डॉक्टर शेठ, कारण आवाज. गावच्या नाटकांत त्यांनी राजे केले होते. माइक बंद पडला तरी रस्त्यापलीकडे ऐकू जाई.

"पण ते स्वतः खातात," मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं.

"मास्तर, हा अभिनय आहे. तुम्ही काय खरेच राक्षस आहात?"

मी राक्षसाचा झगा शिवायला टाकला.

पहिला प्रयोग बसस्टँडजवळच्या चौकात झाला. माइकला वीज हवी होती आणि जवळ वीज होती ती फक्त पानटपरीत. टपरीवाल्याने हसतमुखाने वायर दिली, आमचा 'तंबाखूमुक्त पनवेल'चा फलकही त्याच्याच खांबाला बांधू दिला. गुटख्याला राज्यात बंदी आहे, त्यामुळे तो टपरीवर टांगलेला नसतो, मागितला की मिळतो. गर्दी चांगली जमली. राक्षसाला लोक हसले, डॉक्टरला टाळ्या पडल्या, आणि खेळ संपल्यावर निम्मी गर्दी एक पाऊल मागे सरकून टपरीशी उभी राहिली. सामान आवरताना टपरीवाला मला म्हणाला, "काका, दर रविवारी करा ना."

मग आम्हाला बोलावणी येऊ लागली. एका कार्यालयात तंबाखूविरोधी दिनाचा कार्यक्रम होता. शाल, श्रीफळ, जेवण आणि जेवणानंतर तबकातून मसाला पान. मी तबकाकडे बघतोय हे पाहून तिथले साहेब घाईघाईने म्हणाले, "साधं आहे हो, नुसती सुपारी. तंबाखू नाही." आम्ही सगळ्यांनी एकेक उचललं. शेठनी दोन.

आमचा हा प्रयोग एका तरुण मुलीने पाहिला. ती दातांची डॉक्टर, दवाखाना तलावाजवळच. दुसऱ्या दिवशी फिरायला आलेल्या आम्हाला गाठून ती मला म्हणाली, "काका, तुमचा राक्षस छान आहे. पण राक्षस बघून कोणी घरी जाऊन आरशात तोंड उघडत नाही. लोकांना तिथल्या तिथे काहीतरी करायला लावा." आणि तिने स्वतःच्या हाताची तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून तोंडात घालून दाखवली. जात असतील तर ठीक. जात नसतील तर तोंडातलं कातडं आखडायला लागलंय, डॉक्टरकडे जा. एवढंच.

मला ते फार आवडलं. मी डॉक्टरच्या तोंडी वाक्यं घातली. तालमीत शेठनी ती झोकात म्हटली, पण बोटं तोंडापर्यंत नेऊन खाली घ्यायचे.

"शेठ, बोटं घाला की," मी म्हणायचो.

"ते प्रयोगाला घालू. आता हात धुतलेले नाय."

ज्या बोटाने गुटखा काढायचा त्याच बोटाच्या स्वच्छतेची शेठना काळजी वाटावी, याचं आम्हाला नवल वाटलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, भूमिका अंगात भिनली.

तो प्रयोग न्हावा शेवाला होता, कंटेनरचे ट्रेलर थांबतात त्या मोकळ्या पार्किंगमध्ये. डॉक्टरीणही सोबत आली होती. देशभरचे ड्रायव्हर, म्हणून खेळ हिंदीतून. भर दुपार, काळ्या झग्यात मी घामाने निथळत होतो. शेठनी आवाज लावला, "तीन उंगली खडी करो, मुंह में डालो." ड्रायव्हर लोकांना हा खेळ पसंत पडला. ते एकमेकांची तोंडं बघायला लागले. कुणाची बोटं जात होती, कुणाची अडत होती, अडणाऱ्याला बाकीचे टपल्या मारत होते. तेवढ्यात पुढे उकिडवा बसलेला एक ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टरसाब, पहले आप दिखाइए."

शेठ हसले. तीन बोटं उभी करून तोंडाशी नेली. दोन गेली. तिसरं बाहेर राहिलं. त्यांनी मान तिरकी करून पुन्हा जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, पण तिसरं काही जाईना. ड्रायव्हरांना वाटलं, हा नाटकातलाच भाग आहे. त्यांनी शिट्ट्या मारल्या, वाहवा केली. इतक्या टाळ्या आम्हाला त्याआधी कधी पडल्या नव्हत्या. मी राक्षस, माझा पुढचा संवाद गडगडाटी हास्याचा होता. तो मला आला नाही.

परतताना वाटेत वडापाव खायला थांबलो. शेठ वड्याचे अगदी बारके तुकडे करून ओठांच्या फटीतून आत सरकवत होते. मिरची त्यांनी आधीच बाजूला ठेवली होती. हे आम्ही कितीतरी महिने पाहत होतो आणि शेठ आता निवांत खातात, असं म्हणत होतो.

डॉक्टरिणीने विचारलं, "काका, तिखट कधीपासून बंद केलंत?"

"ॲसिडिटी हाय."

"शिट्टी वाजवता येते?"

"त्यात काय?" शेठनी ओठ पुढे केले. नुसती हवा आली. पुन्हा केलं, पुन्हा हवा. मग ते खाली बघत म्हणाले, "लहानपणी बैल फिरायचे माझ्या शिट्टीवर."

"उद्या दवाखान्यात या," ती म्हणाली.

शेठनी मला सोबत नेलं आणि घरी सांगू नका, असं बजावलं. पण मला सांगावं लागलंच नाही. सकाळीच वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमी जाताय ना सोबत? मला काय दिसत नाय का? आगऱ्याच्या घरात मी म्हवऱ्याचं कालवण बिनमिरचीचं करते. माणूस चुरलेला भात खातो नि मला सांगतो ॲसिडिटी."

डॉक्टरिणीने पट्टी लावून तोंड मोजलं, आतून बोट फिरवून पाहिलं. गालाच्या आत कातडं पांढुरकं, ताठ झालं होतं, चामड्यासारखं. ते पुन्हा पूर्वीसारखं होत नाही, हे तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. पुडी सोडली, औषधं घेतली, तोंडाचे व्यायाम केले तर आखडणं थांबतं, थोडं सैलावतंही. एका चट्ट्याबद्दल तिला शंका होती. तिथला तुकडा तपासायला पाठवावा लागणार होता.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग व्यवहारी सुरात म्हणाले, "बरं. तंबाखू बंद. सुपारी चालल ना?"

"सुपारीनेच हे केलंय, काका. तंबाखूचा धोका वेगळा आहेच."

मी चपापलो. माझ्या अख्ख्या संहितेत सुपारीचा एक शब्द नव्हता. सुपारी म्हणजे पूजेतली, पानातली, साहेबांच्या तबकातली सोज्वळ वस्तू. तिला राक्षस करायचं मला सुचलंच नव्हतं.

तपासणीचा निकाल येईपर्यंत शेठ तलावावर आले नाहीत. निकाल आला तेव्हा डॉक्टरिणीने सांगितलं की कॅन्सर नाही. पण आज नाही म्हणजे कधीच नाही असं समजू नका, ठरावीक दिवसांनी दाखवत राहा. वहिनी सोबत होत्या. "मी आणते यांना," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज असा होता, की शेठनी मान हलवली.

सोडणं सोपं गेलं नाही. शेठ कामगारांवर ओरडायचे, आमच्यावर चिडायचे. गावात एका हळदीला गेले तर चुलतभावाने पुडी फाडून तळहातावर ठेवली. "एका पुडीनं काय मरतोस काय?" शेठनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन डॉक्टरिणीला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "ठीक आहे, आजपासून पुन्हा." त्यानंतर मात्र त्यांनी तोंडात पुडी घातलेली नाही. हळदीला जाणंही सोडलंय, याचा भाऊबंदांना राग आहे. शेठ मोठे झाले, असं ते म्हणतात.

डॉक्टरची भूमिका आता त्यांनी नको म्हटली. स्वतःची तीन बोटं जात नसताना लोकांना कोणत्या तोंडाने सांगणार? मॅनेजरसाहेबांनी मोठ्या मनाने ती स्वतःकडे घेतली. शेठ म्हणाले, "मग मी पेशंट करतो."

मॅनेजरसाहेब अस्वस्थ झाले. "शेठ, प्रेक्षकांना आशा द्यायला हवी. आपल्या संहितेत पेशंट शेवटी ठणठणीत होतो."

"मग मास्तर, संहिता बदला."

मी बदलली, म्हणजे पेशंटची सगळी वाक्यं खोडून जागा मोकळी ठेवली.

ओवे गावात देवळासमोर प्रयोग होता. तिथे शेठचे निम्मे नातेवाईक. शेठ मधोमध उभे राहिले, कोट नाही, रंग नाही. "तुमी मला वळखता," ते म्हणाले. "मी डॉक्टर व्हायचो, तवा कोट घालायच्या आधी पुडी थुकायचो. हे बघा." दोन बोटं गेली, तिसरं बाहेर. "मला म्हवरा आवडतो. आता समोर ठेवलेला नुसता बघतो. रोज घंटाभर जेवतो. आणि दर खेपेला डॉक्टरकडे जाताना भ्या वाटतं, की आज काय सांगल." एवढं बोलून ते खाली बसले.

कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मिशरी लावलेलं बोट पदराला पुसलं. मागे उभे असलेले दोघे-तिघे भिंतीकडे तोंड करून, हळूच आपली बोटं तोंडात घालून बघत होते. चुलतभाऊ अर्ध्यातूनच उठून गेला. पुढच्या आठवड्यात तो डॉक्टरिणीच्या दवाखान्यात आला, डोक्यावरचं हेल्मेट न काढता. नंबर लागेपर्यंत तसाच बसून होता, कोणी ओळखू नये म्हणून. तोंड उघडा म्हटल्यावर काढलं.

परवा एका कंपनीतून मला फोन आला. तिथल्या साहेबांना आमचा खेळ ठेवायचा होता. म्हणाले, "सर, तुमच्यात तो पेशंटचं काम करणारा नट आहे ना, फार नॅचरल करतो हो. तो नक्की येणार ना?"

मी शेठना विचारलं.

"येतो म्हणावं," शेठ म्हणाले. "पण जेवण खेळाच्या आधी ठेवा म्हणावं. मला वेळ लागतो."