स्टेजवर मी जे सांगितलं

माझी पहिली नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत होती. खाली व्हॉल्व्ह बनवणारं युनिट आणि लोखंडी जिन्याने वर गेलं की आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस. गिऱ्हाईकं आसपासचे कारखानदार. सगळ्यांना एकच वेबसाइट हवी असायची, वर मालकाच्या वडिलांचा हार घातलेला फोटो आणि खाली गोल फिरणारी दातेरी चाकं. दुसरी नोकरी ऐरोलीला, मोठ्या कंपनीत. तिथे मी एका परदेशी विमा कंपनीच्या फॉर्मवर काम केलं. तो फॉर्म कोण भरतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पगार चांगला होता. बाबा खूश होते. ते सरकारी फॅक्टरीतून चार्जमन म्हणून रिटायर झालेले, आयुष्यभर एकाच गेटने आत गेले आणि त्याच गेटने बाहेर आले. माझी नोकरी त्यांना तशीच वाटत होती.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स बनवणारे एक सिंधी अंकल होते. पहिल्या नोकरीत असताना मी त्यांची वेबसाइट केली होती. एक दिवस त्यांचा फोन आला.

"बेटा, वो वेबसाइट कोई नहीं देखता. मेरा पूरा धंधा मेसेज पे है और मैं पागल हो गया हूँ. एक बार आ के देख."

मी रविवारी गेले. आमचं घर बदलापूरला, हेंद्रेपाड्यात; तिथून उल्हासनगर म्हणजे काही लांब नाही. दुकानात माणूसभर उंचीचे जीन्सचे गठ्ठे आणि मधल्या जागेत अंकल, हातात दोन फोन. इंदूर, नागपूर, हुबळी, सगळीकडून मेसेज. अमुक पीस आहे का, किती आहे, कधी पाठवता. एकच माल दोघांना कबूल केला जायचा, मग दिवसभर माफ्या मागणं चालायचं. मी दुपारपर्यंत नुसती बघत बसले. घाऊक बाजारात जीन्स सुटी विकत नाहीत, सेटमध्ये विकतात, म्हणजे अठ्ठावीसपासून छत्तीसपर्यंत प्रत्येक मापाची एकेक. जुनं गिऱ्हाईक असलं की ते म्हणतं, "मला छत्तीस नको, सेट तोडा." मग उरलेल्या छत्तीसचं काय करायचं, ती कोणाला खपवायची, कोणासाठी सेट तोडायचा आणि कोणाला नाही म्हणायचं, हे सगळं अंकलच्या डोक्यात. ते आजारी पडले की दुकान आजारी.

त्याच सुमारास मेसेज पाठवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आपला एपीआय छोट्या डेव्हलपर लोकांना वापरायला खुला केला होता. एपीआय म्हणजे एका कंपनीच्या सॉफ्टवेअरने दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरसाठी उघडं ठेवलेलं दार. माझा प्रोग्राम त्या दारातून अंकलच्या ऑर्डरी आत घ्यायचा, माल शिल्लक आहे का बघायचा आणि गिऱ्हाईकाला उत्तर पाठवायचा. सेट तोडायचा असेल तर आधी अंकलला विचारायचा, आणि उरलेले पीस ज्यांना चालतात अशा गिऱ्हाईकांना आपणहून कळवायचा. हे शेवटचं जमवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. जमलं तेव्हा अंकलने शेजारच्या दुकानदारांना बोलावून बोलावून दाखवलं. ते याला "डब्बा" म्हणायचे. "मेरा डब्बा अपने आप जवाब देता है." बघता बघता त्या गल्लीत बऱ्याच जणांकडे माझा डब्बा झाला.

मी ऐरोलीची नोकरी सोडली.

"रिझाइन दिलास?" बाबा म्हणाले. "न विचारता? आणि पीएफचं काय?"

"पीएफ कुठे जात नाही, बाबा."

"पण कंपनी कुठली मग आता?"

"माझीच."

ते उठून गॅलरीत गेले. काही दिवस शेजाऱ्यांना ते मी रजेवर आहे असंच सांगत होते.

त्या मेसेजवाल्या कंपनीत, डेव्हलपर लोकांशी संबंध ठेवणं हेच काम असलेला एक माणूस होता. पुण्याचा, माझ्याच वयाचा, बोलायला अत्यंत गोड. कंपनीच्या फोरमवर मी एक प्रश्न विचारला होता, त्यावरून त्याने मला शोधलं. उल्हासनगरला आला, अंकलबरोबर दाल पकवान खाल्लं, गठ्ठ्यांचे फोटो काढले. जाताना म्हणाला, "अगं, तुला कल्पना आहे का तू काय केलंयस? आमच्या कॉन्फरन्सला बोल. बंगळूरला. सगळे येतात."

मी कधी चार माणसांपुढेही बोलले नव्हते. महिनाभर तयारी केली. माझ्या भाषणाचे दोन भाग होते. पहिल्यात सेटची गोष्ट. दुसऱ्यात एपीआयवर धंदा उभा करताना येणाऱ्या अडचणी. दार मधेच बंद असलं तर काय, नियम न कळवता बदलले तर काय, मेसेज अडकले आणि दुकानदाराला ते कळलंच नाही तर काय. हे मी अनुभवातून शिकले होते आणि माझ्या मते तोच भाग कामाचा होता. व्हिडिओ कॉलवर त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"पहिला भाग फँटास्टिक. दुसरा जरा जड होतोय गं."

"पण डेव्हलपर लोकांना तोच लागेल ना?"

"लागेल, पण मूड जातो. त्यापेक्षा असं कर, अंकलचं अजून सांग. ते ठरवतात कसं, कोणाला हो म्हणतात, कोणाला नाही. लोकांना ते आवडतं."

मी दुसरा भाग काढला. त्याला जास्त कळत असेल असं मला वाटलं.

स्टेजवर त्याने माझी ओळख करून दिली, मुंबईपासून लांब एका छोट्या गावातून आलेली मुलगी. बदलापूरला छोटं गाव म्हणणारा माणूस कल्याणच्या पुढे कधी उतरला नसावा असं माझ्या मनात आलं, पण हा तर उतरला होता. मी हसले. भाषण चांगलं झालं. सेट तोडायचं सांगितल्यावर हशा आला, अंकलच्या फोटोवर टाळ्या पडल्या. खाली आल्यावर कंपनीच्या प्रॉडक्ट टीममधले तिघे-चौघे मला बाजूच्या खोलीत घेऊन गेले. कॉफी आणली. सेट तोडायची परवानगी नेमकी कोण देतं, उरलेला माल कोणाला दाखवायचा हे कसं ठरतं, गिऱ्हाईक जुनं आहे हे प्रोग्रामला कसं कळतं, एकेक प्रश्न विचारत गेले. मी फळ्यावर सगळं काढून दाखवलं. एवढ्या हुशार लोकांना माझ्या कामात इतका रस आहे, या आनंदात मी खडू नसलेल्या त्या पांढऱ्या फळ्याचे दोन्ही कोपरे भरून टाकले. एकाने फोनवर फळ्याचा फोटो काढला. मला ते कौतुकच वाटलं.

भाषणाचा व्हिडिओ आला तेव्हा बाबांनी तो टीव्हीला जोडून घेतला. फॅक्टरीतले जुने मित्र आले की लावायचे. इंग्रजी भाषण, त्यातलं कोणालाच फारसं कळायचं नाही, पण टाळ्या कळायच्या. "एवढे लोक हिच्यासाठी बसलेत," बाबा म्हणायचे. मी रजेवर आहे हे सांगणं तेव्हाच बंद झालं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता ईमेल आला. मायना प्रेमळ होता. सेवा अधिक सोपी करण्यासाठी कंपनी छोट्या डेव्हलपरांसाठीचा एपीआय बंद करत आहे, तीन महिन्यांत पर्यायी व्यवस्था करावी, आजवरच्या साथीबद्दल आभार. पर्यायी व्यवस्था कोणती ते लिहिलं नव्हतं. मी पुण्याच्या त्या माणसाला फोन केला. उचलला नाही. मेसेज केला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"अगं सॉरी, गडबडीत होतो. मी तिथे नाही आता. कंपनी बदलली."

"तुला माहीत होतं हे होणार आहे?"

"असं काही ऑफिशियली नसतं गं. वरच्या लेव्हलला ठरतं."

"मी नोकरी सोडली होती."

"हो, आणि त्याचा मला फार आदर आहे." मग आवाज पुन्हा तसाच गोड. "ऐक ना, मी जिथे आलोय तिथे पण एक एपीआय लाँच होतोय. पेमेंटचा. तुझ्यासारखी गोष्ट असली ना, तर फेब्रुवारीत आमची कॉन्फरन्स आहे."

मी फोन ठेवला.

दुसऱ्या कंपन्यांचे एपीआय बघितले. जे परवडणारे होते ते मेसेज वेळेत पोचवत नव्हते, आणि जे पोचवत होते ते माझ्यासारखीला दारात उभं करत नव्हते. मग मी एकेका दुकानात जाऊन सांगायला सुरुवात केली. काहींना वाटलं मी पैसे वाढवायला हे नाटक करतेय. एकाने तोंडावर सांगितलं, "लडकी का काम ऐसा ही होता है, बीच में छोड़ देते हैं." अंकलकडे मी सगळ्यात शेवटी गेले. ते शांतपणे ऐकत होते.

"तो डब्बा तेरा नहीं था?"

"डब्बा मेरा था, अंकल. रास्ता उनका था."

"और उन्होंने तेरे को स्टेज पे बुलाया था."

"हाँ."

"फिर तू ने उनको बोला क्यूँ नहीं?"

त्यांना वाटत होतं, ज्या लोकांनी मला स्टेजवर बोलावलं त्यांच्याकडे माझा शब्द चालत असणार. मी चहा पिऊन उठले.

होळीच्या आसपास अंकलचाच फोन आला. पुतण्याने दुकानात नवीन काहीतरी बसवलंय, त्यांना चालवता येत नाही, जरा येऊन दाखवशील का. मी गेले. त्याच मेसेजवाल्या कंपनीने घाऊक व्यापाऱ्यांसाठी स्वतःचं प्रॉडक्ट काढलं होतं, दर महिन्याला भाडं. मी उघडून बघितलं. ऑर्डर आली की माल बघायचा, उत्तर द्यायचं. खाली एक बटण होतं, सेट तोडण्यासाठी. ते दाबलं की आधी मालकाला विचारणा जायची आणि उरलेले पीस कोणाकोणाला दाखवावेत याची नावं यायची. माझ्या फळ्यावरच्या पायऱ्या त्याच क्रमाने होत्या. एका ठिकाणी मी चुकीचा क्रम काढला होता, पहिल्यांदा परवानगी मागून मग शिल्लक कमी करायची. माझ्या प्रोग्राममध्ये मी तो नंतर सुधारला होता. त्यांच्याकडे चूक तशीच होती.

"अच्छा है ना?" अंकलनी विचारलं. "तेरे जैसा ही है."

मी त्यांना फोटो कुठे टाकायचा, किंमत कुठे लिहायची, सगळं दाखवलं. परवानगी देण्याआधी शिल्लक हाताने तपासा, नाहीतर एकच पीस दोघांना जाईल, हेही सांगितलं. पुतण्याने विचारलं, "दीदी, आपको कैसे पता?" मी म्हटलं, काम केलंय अशावर.

एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही स्वतः स्टेजवर उभ्या राहून सगळ्यांना सांगितलंत, व्हिडिओ आहे, आता काय करणार? बाबा मात्र कित्येक दिवस केस कर, केस कर म्हणत राहिले. पाहुणे आले तरी टीव्हीवर माझं भाषण लावायचं त्यांनी बंद केलं ते त्याच दिवसांत.

नोकरी शोधायला लागले. मुलाखतीत माझं काम कोणी विचारायचं नाही. "त्या कॉन्फरन्सला तुम्ही बोलला होतात ना?" असं विचारायचे. त्या भाषणामुळेच मला ठाण्यातल्या एका कंपनीत जागा मिळाली, ऐरोलीपेक्षा जास्त पगारावर. बाबांनी पेढे आणले. आईच्या फोटोसमोर ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, "पर्मनंट ना?"

कंपनीचे स्वतःचे बरेच एपीआय आहेत. काही जुने झालेत, त्यांचा खर्च परवडत नाही. रुजू होऊन वर्ष व्हायच्या आत साहेबांनी मला बोलावलं.

"हे तीन बंद करायचेत. डेव्हलपर लोकांना मेल तू लिही. तू त्या बाजूला होतीस, तुला त्यांची भाषा कळते."

मी लिहिलं. तारीख स्पष्ट लिहिली, कारण खरं लिहिलं, दुसरा कोणता मार्ग वापरता येईल तो पत्त्यासकट दिला. शेवटी लिहिलं की ज्यांचा धंदा यावर उभा आहे त्यांचं यात नुकसान होणार आहे आणि त्याबद्दल आम्हाला वाईट वाटतं. साहेबांनी ते वाक्य काढलं. लीगलला चालणार नाही, म्हणाले. दुसरा मार्गही काढला, तो दुसऱ्या कंपनीचा होता. कारणाच्या जागी, सेवा अधिक सोपी करण्यासाठी, असं घातलं. खाली नाव माझं.

उत्तरं आली. बहुतेक शिव्यांची. एकाने नुसता फोन नंबर पाठवला होता आणि लिहिलं होतं, माणसाशी बोलायचंय. उत्तर द्यायचं नाही असा नियम होता. मी जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन पार्किंगमधून माझ्या फोनवरून त्याला फोन लावला. सांगलीचा मुलगा होता. द्राक्षाच्या बागायतदारांसाठी काहीतरी बनवलं होतं त्याने. पंधरा-वीस मिनिटं तो बोलत होता, मी ऐकत होते. त्याला दुसरा मार्ग सांगितला. तो त्याला आधीच माहीत होता, परवडत नव्हता.

"मॅडम, तुमचं काय जातंय?" तो म्हणाला. "तुमचा पगार चालूच आहे."

"हो," मी म्हटलं. "चालू आहे."

त्याने फोन ठेवला. मी वर गेले. दुपारी मीटिंग होती, पुढच्या वर्षी कोणते बंद करायचे ते ठरवायला.