कुंदाबाईंचा बॅज

नेरूळच्या आमच्या डेंटल कॉलेजात एक्स-रेच्या खोलीच्या दारात कुंदाबाई आडव्या उभ्या राहायच्या आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला विचारायच्या, "किरन कुठनं येतो?" उत्तर चुकलं की परत पाठवायच्या. मी पहिल्या दिवशी म्हणाले, "मशीनमधून."

"मशीनमदनं? मंग भाकरी काय तव्यातनं येते?"

सगळे हसले. तेव्हापासून ही बाई माझ्या डोक्यात गेली ती गेलीच.

कुंदाबाई तिथल्या टेक्निशियन, खाडीकाठच्या गावातल्या. शिकवायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण प्राध्यापकांपेक्षा त्याच जास्त शिकवत, हे नाइलाजाने कबूल करते. "तार तापली का इलेक्ट्रॉन उडतात नि जाऊन धातूवर आपटतात. सगला मार तापन्यातच जातो, चिमूटभर किरन हाती लागतो. तुज्या अभ्यासासारखा." दात किरण अडवतो म्हणून फिल्मवर पांढरा दिसतो, गाल त्याला जाऊ देतो म्हणून काळा. "आनि काही किरन धड थांबत नाय, धड पार जात नाय. आपटून वाकडी वाट धरतो. त्याला भ्यायचं. म्हनून आपन भिंतीमागं."

परीक्षेला बसायचं तर ठरावीक एक्स-रे काढून वहीवर बाईंची सही घ्यावी लागे. कोपरखैरण्याच्या एका आजोबांचा एक्स-रे माझ्याकडून दोनदा बिघडला. मशीनची नळी तिरकी लागली, अर्धा दात आलाच नाही. तिसऱ्यांदा बटणाकडे वळले तसा बाईंनी माझा हात धरला.

"आजोबा, उठा. हिला शिकायला तुमचं तोंड नाय दिलेलं देवानं."

सही अडली. मी जिन्यात बसून रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई जेवायला गेल्या. त्यांचा बॅज खुंटीवर होता. किरणांजवळ काम करणाऱ्याने तो छातीला लावायचा. अंगावर किती किरण पडले ते त्यात साठतं आणि दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. मी तो रुग्णाच्या खुर्चीवर ठेवला, नळी त्याच्यावर रोखली, भिंतीमागे गेले आणि बटण दाबलं. बऱ्याचदा. मग बॅज पुन्हा खुंटीला लावला.

बॅजचा रिपोर्ट आला, आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता, आणि चौकशी होईपर्यंत बाईंना त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी झाली. आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी विभागप्रमुखांना सांगितलं, "सायब, मी भिंतीमागं हुभी रायते. मना लागला त वाकडा किरन लागंल, थोडाथोडा. येवढा आकडा त्यानं होत नाय. ह्यो नलीसमोरचा मार हाय. बॅजनं खाल्लाय, मी नाय."

अगदी बरोबर होतं त्यांचं. साहेबांनी कागद घडी करून ठेवला. मी बोलले असते तर माझं वर्ष गेलं असतं, कदाचित कॉलेजही. मी बोलले नाही.

चौकशी रेंगाळली. बाईंना केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. तिथे त्या फक्त नाव आणि वय विचारत. नव्या टेक्निशियनने न बघता माझ्या वहीवर सही केली आणि मी पास झाले.

इंटर्नशिपला मला स्वतःचा बॅज मिळाला. एकदा केसपेपर आणायला खिडकीशी गेले, तेव्हा बाईंनी माझ्या छातीवरच्या बॅजकडे पाहिलं.

"जप त्याला, डाक्टर. जेवायला जाशील तवा खुंटीवर ठेवू नको."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पुढच्याच महिन्यात त्या त्याच खिडकीवरून निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभाला मी गेले नाही.

आता उलव्यात माझा दवाखाना आहे. बटण दाबण्याआधी मी नळी दोनदा तपासते, भिंतीमागे जाते. सगळं त्यांचंच शिकवलेलं. तरी त्या बाईंवरचा माझा राग जात नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी माझं नाव घ्यायला हवं होतं.