भिंतीला भोकं पाडणारी आरोपी

खून, दरोडे विसरलो. नेरूळमधल्या एका फूटपाथलगतची भिंत मात्र आजही आठवते. चढाची माती अडवायला ठेकेदाराने ती नुकतीच बांधली होती. एका सकाळी तोच माझ्या पोलीस ठाण्यात आला. म्हणे, माझ्या काळ्या दगडाच्या भिंतीला कुणीतरी भोकं पाडतंय, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान आहे, अटक करा.

खबर चहावाल्याने दिली. भिंतीखाली मासळी विकणारी, जवळच्या सारसोळे गावची म्हातारी कोळीण रोज पाटी मांडण्याआधी भिंतीवर पहार चालवते. तिला बोलावलं. पहार घेऊनच आली, हवालदाराचं जप्तीचं काम वाचलं. चौकशीत माणसं आधी नाकारतात, मग रडतात. हिने मलाच झापलं.

"सायबा, पानी मागं अडलाय. भिंत पोट काढून उभी हाय. ती माझ्या डोक्यावर बसल, तवा पंचनामा करशील? आजच कर."

म्हणजे गुन्हा कबूल. अटक केली तर म्हातारीची बसायची जागा जाणार. भिंत तशीच राहिली तर म्हातारीच जाणार.

पंचनामा केला. भोकाजवळचा तुकडा हवालदाराने फडक्यात बांधून लाखेचं सील मारलं. दुसऱ्या दिवशी फिर्यादीकडून मुद्देमालाची ओळख पटवायची होती. पंचांसमोर आणि म्हातारीसमोर सील तोडलं. आत वाटीभर सुटी रेती आणि वरून चिकटवलेली, पापडासारखी पातळ काळ्या दगडाची चकती.

हवालदाराचा चेहरा उतरला. "साहेब, शपथेवर सांगतो, काल बांधला तेव्हा हा दगड होता."

मी ठेकेदाराला विचारलं, हा माल तुमच्या भिंतीचा? हो म्हणावं तर लबाडीची कबुली, नाही म्हणावं तर नुकसानच झालेलं नाही. त्याने चकती माझ्याकडे परत सरकवली.

"साहेब, हा माझा माल नाही."

लिहून घेतलं, सही घेतली. म्हातारी पहार उचलत म्हणाली, "मंग भिंत कोनाची?"

हाच प्रश्न मी अहवालात घालून संबंधित खात्याला पाठवला. उत्तर आलं नाही, पण भिंत पाडायला माणसं आली. मजुरांचा चहा निवायच्या आत ती पडली.

या केसने शिकवलं की बांधकामाची तपासणी त्याच्याखाली बसणाऱ्या माणसाकडून करून घ्यावी. मी वेळेआधीच नोकरी सोडली, आता भिंती बांधणाऱ्यांना पत्रकं वाटतो. त्यात लिहितो: अखंड काळा दगड लावा, मागे खडी भरा, पाण्याला वाट ठेवा. आणि उद्घाटनाला साहेबांच्या खुर्च्या भिंतीला टेकून मांडा. कोण उठून उभं राहतं, ते बघा.