चेअरमनचा खोकला

"मावशी, हा खोकला त्याचा नाहीच. तुमचा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आम्ही चारा छावणीत बसलो होतो. दुष्काळाचं वर्ष होतं. छावणी आमच्या गावच्या दूध संस्थेनं चालवलेली आणि आमचे हे त्या संस्थेचे सचिव. जनावरं तपासायला पाटोद्याहून डॉक्टरबाई यायच्या. गायी-म्हशींच्या रांगेत मी एकटीच मांडीवर पिंजरा घेऊन बसलेली. लोक हसत होते. हसेनात का.

पिंजऱ्यात चेअरमन होता. कॉकाटील जातीचा पक्षी, पोपटाच्याच गोतातला. करडं अंग, गालावर केशरी ठिपका आणि डोक्यावर तुरा. धाकटी मुलगी नर्सिंग शिकायला गेली तेव्हा तिनं तो माझ्या गळ्यात घातला. फेटा बांधून सभेला बसल्यासारखा दिसतो म्हणून ह्यांनी त्याचं नाव चेअरमन ठेवलं. संस्थेच्या खऱ्या चेअरमनना ते ठाऊक आहे. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

मी डॉक्टरबाईंना सांगत होते की पक्षी दिवाळीपासून खोकतोय. सांगता सांगता छावणीतल्या कडब्याच्या धुळीनं मलाच उबळ आली. खोकून खोकून शेवटी माझ्या तोंडून "आई गं" निघालं, ते नेहमीच निघतं. बाईंनी माझा श्वास ताळ्यावर येऊ दिला आणि विचारलं, "तो असाच आवाज काढतो का?"

"अगदी असाच. आई गं सुद्धा म्हणतो."

तेव्हा त्यांनी वरचं वाक्य सांगितलं. मग पिंजऱ्याजवळ वाकून म्हणाल्या, "तो तुमची नक्कल करतो. ही पाखरं घरात जे ऐकतात ते उचलतात. पण त्याला आजार झालाय हेही खरं. आजार त्याच्या शेपटीत बघा."

मी पाहिलं. प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली होत होतं, हापशाच्या दांड्यासारखं. ह्याला टेल बॉबिंग म्हणतात, म्हणजे श्वास ओढायला पाखराला सगळं अंग कामाला लावावं लागतंय. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर हलत होतं आणि आम्ही त्याच्या खोकल्यावर हसत बसलो होतो.

हे लिहिते ते घरी पाखरू असणाऱ्यांसाठी. दमा असणाऱ्यांनीही वाचावं, कारण ह्या गोष्टीत पाखराचं आणि माझं दुखणं एकच निघालं.

मला दमा फार वर्षांचा. मुलगी पंप घेऊन आली होती. पंप म्हणजे इनहेलर, तोंडात धरून औषधाची वाफ ओढायची ती नळी. तो मी कपाटात लुगड्यांखाली ठेवून दिला. पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही, असं सगळ्या बाया म्हणायच्या आणि मला ते पटलेलं होतं. माझा भरवसा धुरीवर. संध्याकाळी निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची आणि धूर छातीशी घ्यायचा. आमच्याकडं बाळाला न्हाऊ घातल्यावर धुरी देतात, तीच. माझी चारही लेकरं त्यावर वाढली.

चेअरमनची शीळ बंद झाली, तो पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसायला लागला, तेव्हा मी काय केलं असेल? सर्दी झाली म्हणून त्यालाही धुरी दिली. धूर वाया जाऊ नये म्हणून पिंजऱ्यावर जुनं लुगडंसुद्धा टाकलं. आईच्या मायेनं टाकलं हो.

हे सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी पिंजरा स्वतःकडं ओढून घेतला. मग त्यांनी समजावलं. पाखराच्या अंगात फुप्फुसाशिवाय एअर सॅक असतात, म्हणजे हवेच्या पातळ पिशव्या. ओढलेली हवा पार पोटापर्यंत फिरते. त्यामुळं आपल्याला नुसता ठसका आणणारा धूर त्याचा जीव घेऊ शकतो. त्यात पिंजऱ्याचा तळ धुतलेला नाही, वाळलेली शीट उडते. टँकरचं पाणी, ते माणसांना पुरेना, तिथं पिंजऱ्याच्या तळाचं ताट कोण धुणार म्हणून मी नुसतं झाडून घ्यायचे. त्याच धुळीतून त्याला रेस्पिरेटरी इन्फेक्शन, म्हणजे श्वासमार्गातला जंतुसंसर्ग झाला असावा, असं त्या म्हणाल्या.

"जगेल का?"

"मी गुरांची डॉक्टर. पाखरांतलं कोंबडीपलीकडं मला फारसं कळत नाही, खोटं कशाला बोलू. माझ्या कॉलेजातल्या सरांना विचारून औषध देते. पण वजन पाहिजे, आणि ते काटेकोर पाहिजे. थेंब जास्त झाला तरी धोका."

मला ती मुलगी तिथंच आवडली. येत नाही ते येत नाही म्हणणारा डॉक्टर मिळायला नशीब लागतं.

छावणीत वजनकाटा होता, पण तो चाऱ्याचा. दूध संस्थेतलाही कामाचा नव्हता. शेवटी हे चेअरमनला घेऊन पाटोद्याच्या बाजारात एका सराफाकडं गेले. पाखराला कापडात गुंडाळून सोन्याच्या काट्यावर ठेवलं. नव्वद ग्रॅमसुद्धा भरलं नाही. सराफ म्हणाला, "सचिवसाहेब, मोडायचा हाय का गहाण ठेवायचा?" हे एरवी असल्या थट्टेवर खूश होतात. त्या दिवशी पाखरू कापडासकट उचलून तडक घरी आले.

मग औषध सुरू झालं. चोचीच्या कडेनं थेंब द्यायचा, घाई केली तर तो श्वासनळीत जातो. हे धरायचे, मी द्यायची. ऊब राहावी म्हणून त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून बाहेरून बल्ब लावला. लाइट गेली की बाटलीत गरम पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून जवळ ठेवायची. धुरी बंद, उदबत्ती बंद, स्वयंपाकघराचं दार लावलेलं. चेअरमन डोळे मिटून बसायचा. बोलणं नाही, शीळ नाही, माझी नक्कलही नाही. मुलगी फोनवर "त्याचा आवाज ऐकव ना" म्हणायची आणि मी झोपलाय म्हणून सांगायची. घरात खोकला आता माझा एकटीचाच ऐकू यायचा आणि तो मला पहिल्यांदाच मोठा वाटायला लागला.

डॉक्टरबाईंनी मलाही सोडलं नव्हतं. त्यांच्या सांगण्यावरून ह्यांनी मला बीडला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं फुंकर मारायची तपासणी झाली, स्पायरोमेट्री तिचं नाव. छातीत किती हवा मावते आणि किती जोरानं बाहेर येते ते तिच्यात कळतं. डॉक्टर म्हणाले, "पंपाची सवय लागत नाही. दमा असतो म्हणून पंप लागतो." पंप रोज घ्यायला सांगितला, धुरी बंद करायला सांगितली. आणि उठता उठता म्हणाले, "घरात पक्षी असेल तर नको. त्याच्या पिसांची भुकटी दम्याला चांगली नाही."

 घरी आल्यावर म्हटलं, "आवं, पोरीला फोन लावा. बरा झाला की घिऊन जा म्हनावं."

"कावून?"

"डॉक्टर काय म्हनले, आयकलं न्हाई का तुमी?"

"आयकलं की. पर आजारी पडल्यालं कुनाला घराबाहेर काढत्यात का?"

"तो काय मानूस हाय का?"

"चेअरमन हाय ना? मग मुदत संपल्याबिगर काढता येत न्हाई," हे म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "पिंजरा मी धुतो. तू हात लावायचा न्हाई. उद्यापून भाईर वसरीत ठिवू."

ज्या माणसानं जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, त्याचं हे बोलणं. मला ते खरं वाटेना.

पण त्यांनी धुतला. बीडच्या डॉक्टरांनाही फोन करून विचारलं. ते म्हणाले, घरात नाही, बाहेर उघड्यावर ठेवा आणि बाईंनी सफाई करू नये. ह्यांनी तोंडाला उपरणं बांधून, अंघोळीच्या पाण्यातलं तांब्याभर वाचवून रोज ताट धुतलं आणि तेच पाणी मोरीमागच्या शेवग्याला घातलं. संस्थेत दुधाचे कॅन निम्मे रिकामे येत होते, छावणीत रोजची भांडणं. तिकडून थकून यायचे आणि आधी वसरीत बसून शेपूट बघायचे. हळूहळू ते हलायचं थांबलं. चेअरमन दाणे टिपायला लागला, दांडीवर चढला. आवाज मात्र नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घसा मोकळा झाला की बोलेल. नाहीही बोलणार कदाचित. जिवंत आहे, ह्यात समाधान माना."

आम्ही मानलं होतं.

एका दुपारी मी आत ज्वारी निवडत होते. हे वसरीत ताट धूत होते. खोकल्याची मोठी उबळ ऐकू आली, आणि शेवटी दमलेलं, ओढलेलं "आई गं". लगेच हे ओरडले, "आज पंप घेतला का न्हाई गं?"

मी दारात आले. "मी न्हाई खोकले."

आम्ही दोघांनी पिंजऱ्याकडं पाहिलं. चेअरमननं तुरा उभारला आणि पुन्हा खोकला. अगदी पहिल्यापासून, एकही ठसका न गाळता. मला हसू आलं आणि त्यातच रडू आलं. ह्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

पण तो थांबेना. एवढ्या दिवसांचं साठलेलं काढत बसला. ऐकता ऐकता माझं हसू गेलं. आतून खोकताना मला ते असं कधी ऐकू आलं नव्हतं. छाती फाटतेय असा तो आवाज होता.

"आवं, मी अशी खोकायची?"

"लई वर्षं."

"मग बोलला कावून न्हाई?"

हे पिंजऱ्याकडंच बघत होते. "तू पंपाचं नाव काढलं की भांडायची. मग मी नुसता आयकत पडायचो. खोकला थांबला की श्वास चालतो का, तेवढं बगायचो अन् मग झोपायचो."

मी आत गेले, कपाटात आता लुगड्यांवर ठेवलेला पंप घेतला, आणि वसरीत येऊन त्यांच्यासमोर ओढला.