हत्तीला तीन ओळी आणि ‘रन’ला चार पानं

अक्काताईला कुणी भित्री म्हटलं असतं, तर तिनं त्याला तिथंच सुतासारखा सरळ केला असता. गडहिंग्लजकडची बाई. घरात कन्नड, दारात मराठी बोलत वाढलेली. मंगळवार पेठेत सून म्हणून आली आणि वर्षाच्या आत गल्ली तिच्या आवाजानं जागी व्हायला लागली. पण इंग्रजी म्हटलं की हिच्या तोंडचं पाणी पळायचं! लग्नाआधी दहावीला दोनदा बसली आणि दोन्ही वेळा इंग्रजीतच आपटली.

गल्लीतल्या महिला मंडळाच्या बालवाडीत ती मदतनीस होती. पोरांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरायची. सत्त्याण्णव साली कळलं, की शिकवणाऱ्या माई पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार. मंडळाचा नियम असा, की त्या जागेवर दहावी पासच पाहिजे. म्हणजे येत्या ऑक्टोबरात इंग्रजी सुटलं तर ठीक, नाहीतर बाहेरून कुणीतरी येणार आणि अक्काताई जन्मभर नाकंच पुसणार. पोरं तर हिच्याशिवाय घास गिळत नव्हती. जीव तुटायचा हो तिचा.

“बस की परीक्षेला,” नवरा मल्लाप्पा म्हणाला. “फार तर काय, परत नापास हुशील. सवय हायच तुला.”

अशा माणसाला काय म्हणावं! पण शेजारच्या निवृत्त त्र्यंबक सरांकडं शिकवणीची गोष्ट त्यानंच काढली, हेही खरं.

अक्काताईची अभ्यासाची रीत ठरलेली. रोज दहा शब्द, एका शब्दाचा एक अर्थ, आणि पोळ्या लाटताना घोकंपट्टी. रन म्हणजे धावणे. सरांनी ते ऐकलं आणि कपाटातला जाडजूड शब्दकोश तिच्यापुढं उघडला. इंग्रजीत माणूस ‘रन’ करतो, तसं नाकही करतं, नळही करतो. दुकान चालवलं तरी ‘रन’, निवडणुकीला उभं राहिलं तरी ‘रन’, धुतल्यावर साडीचा रंग गेला तरी ‘रन’च. अक्काताईनं पानं उलटली. चार पानं! मग तिनं हत्ती शोधला, तर त्याला जेमतेम तीन ओळी.

“हत्ती एवढा थोरला, त्येला तीन ओळी, आन ह्या एवढुशा शब्दाला चार पानं? सर, ह्यो शब्द हाय का धर्मशाळा? कवा पाठ व्हायचं हे? मला न्हाय जमायचं.”

आणि उठली की तरातरा! सर “अहो, ऐका तरी” म्हणेपर्यंत बाई जिना उतरून गेलीसुद्धा.

त्याच आठवड्यात अंबूबाईच्या गच्चीवर पापड लाटायला गल्ली जमली होती. आमच्याकडं पापड एकटीनं लाटायचे नसतात. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. अक्काताईचं तोंड चालूच होतं. इंग्रज कसा लबाड, त्याचा शब्द कसा बेइमान.

“व्हय बाई,” अंबूबाई म्हणाली. “आपल्यात बघ, एक शब्द, एक अर्थ. जरा सरक तिकडं, ऊन लागतंय. तहान बी लागली. आन दार लावून आलीस न्हवं?”

अक्काताईचं लाटणं थांबलं.

“काकू, थांबा. ऊन लागतंय, तहान लागती, दारबी लागतंय?”

मग काय! उखाण्यात हार न मानणाऱ्या बाया त्या. ठेच लागली, नोकरी लागली, ठसका लागला, नळाला रांग लागली, आंब्याला मोहोर लागला, ह्यो माझा मामा लागतो. एक पापड, एक वाक्य, असा डावच पडला. अक्काताईनं मधेच माहेरच्या कन्नडातला ‘हिडी’, म्हणजे धरणं, काढला: मासाही हिडी, सर्दीही हिडी. पीठ संपलं तेव्हा बेचाळीस अर्थ झाले होते आणि बाया अजून भांडत होत्या.

हे बेचाळीस कुणी पाठ केले होते? कुणीच नाही. अक्काताईला हसू आलं आणि रागही आला, त्या वाया गेलेल्या वर्षांचा.

संध्याकाळी ती पापडांचा डबा घेऊन सरांच्या दारात हजर. “सर, अर्थ घोकायचं न्हाईत. शब्द कुणासंगं बसलाय ते बघायचं. व्हय का न्हाय?”

“तेच सांगायला कोश उघडला होता,” सर म्हणाले. “तुम्ही थांबता कुठं?”

त्या दिवसापासून सुटे शब्द बंद. रोज एक गोष्ट, एक बातमी, जाहिरातसुद्धा. अडलेल्या शब्दाच्या शेजारपाजाऱ्यांना विचारायचं आणि पुढं जायचं. ऑक्टोबरात पेपरातल्या उताऱ्यात सहा शब्द अनोळखी निघाले. पण या खेपेला तिनं पेन खाली ठेवलं नाही. चार ओळखले, दोन चुकले. शंभरात सेहेचाळीस मिळाले. निकालाच्या दिवशी मल्लाप्पानं गल्लीभर पेढे वाटले आणि “सवय मोडली हो हिची” असं ज्याला त्याला सांगत सुटला.

जूनमध्ये बालवाडी उघडली. माईंची जागा आता अक्काताईची, पण ती सवयीनं दारातल्या चपला रांगेत लावत बसली होती. तानाबाई नावाची एक आई लेकीला घेऊन आली, दारात थबकली आणि पदर सावरत म्हणाली, “बाई, माझ्या पोरीला घेता न्हवं शाळंत?”

अक्काताईनं मागं वळून पाहिलं, की ही कुठल्या बाईंना विचारतीय. मागं कुणीच नव्हतं.